लघुव्यासी लक्ष्यवेधी रायफल : निवड, जुळणी आणि चाचणीचे गणित

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांस प्रयोगरचनेचे धडे बहुधा शेतीच्या वाफ्यांवरून दिले जातात. तेच धडे घेण्यास लक्ष्यवेधाच्या मैदानावर एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे, आणि तेथे ते बहुशः दुर्लक्षिले जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रकारात जगज्जेतेपद मिळविले, व स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावरील तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक पटकाविले. दोघेही कोल्हापूरचे. त्यामुळे या क्रीडाप्रकाराविषयी आपल्याकडे कुतूहल वाढले आहे. परंतु रायफल निवडावी कशी आणि ती 'जुळली' हे ओळखावे कसे, याविषयीचे समज अजूनही ऐकीव स्वरूपाचेच आहेत.

या रायफलीचे काडतूस म्हणजे ०.२२ इंची 'लाँग रायफल'. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर, वजन सुमारे २.६ ग्रॅम. स्पर्धेच्या काडतुसाचा वेग सेकंदास सुमारे ३२५ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून मुद्दाम कमी ठेवलेला असतो. अधिक वेगवान काडतूस अधिक अचूक असेल, असे नवख्यास वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. ध्वनिवेगाच्या आसपास हवेचा रोध एकाएकी वाढतो, आणि वाऱ्याने गोळी किती सरकेल हे या रोधामुळे होणाऱ्या विलंबावर अवलंबून असते. म्हणून वेगवान गोळीच वाऱ्याने अधिक ढळते.

रायफल निवडताना प्रथम नळी पाहावी. ती जड व एकसारख्या छिद्राची असावी, आतील आट्यांचा पीळ सामान्यतः सोळा इंचांत एक फेरा असतो. नळीच्या तोंडाची कड निर्दोष असलीच पाहिजे. गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी तेथे वायू एका बाजूने आधी सुटला, तर पुढील सर्व श्रम व्यर्थ होत. लांब नळीने वेग वाढतो ही समजूतही येथे लागू नाही. या काडतुसातील दारू थोडी असल्याने सुमारे ४० ते ५० सेंटिमीटरनंतर वायूचा दाब घर्षणास पुरा पडेनासा होतो. नळी त्याहून लांब ठेवतात ती समतोलासाठी व दोन नेमकाठ्यांतील अंतर वाढविण्यासाठी. बोल्टची रचना पसंत केली जाते ती तिच्या ताठपणामुळे, आणि चाप ओढल्यापासून काडतूस पेटेपर्यंतचा काळ तीत अत्यल्प ठेवता येतो म्हणून. चाप हलका असावा हे खरे, तथापि तो दर वेळी एकाच भाराने सुटणे अधिक महत्त्वाचे. दस्त्याविषयी सांगण्यासारखे थोडेच : तो नेमबाजाच्या अंगास बसावा, आणि रायफलीचा धातूचा भाग त्यात न हलता बसावा. जोडणारे स्क्रू टॉर्कमापकाने दर वेळी सारखेच आवळावेत.

आता मुख्य विषय. ५० मीटरवर पोचेपर्यंत गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. ही घसरण वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने वेगात एक टक्का फरक पडला, की गोळी सुमारे २.४ मिलिमीटर वर वा खाली लागते. दशांश गुणपद्धतीत ०.८ मिलिमीटर म्हणजे गुणाचा एक दशांश. म्हणजे एका टक्क्याने तीन दशांश जाऊ शकतात. यावर एक सुंदर उपाय आहे. बार होताच नळी कंप पावू लागते. गोळी नळीत सुमारे अडीच सहस्रांश सेकंद असते. मंद गोळी किंचित उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी नळीचे तोंड वर जात असेल, तर मंद गोळीस थोडा अधिक चढ मिळतो व तिची अधिक घसरण भरून निघते. नळीच्या कंपनांचा अभ्यास मॅलॉक यांनी १९०१ साली प्रसिद्ध केला होता. आज नळीच्या टोकाशी सरकते वजन बसवून कंपनाची लय बदलतात. ही भरपाई मात्र एकाच अंतरापुरती असते.

वजन कोठे ठेवावे आणि कोणता काडतुसांचा लॉट घ्यावा, हे प्रयोगानेच ठरते. बर्मिंगहॅमजवळील ईली व जर्मनीतील शोनेबेक येथील लापुआ यांच्या चाचणीगृहांत रायफल पकडीत बसवून लॉट पारखून घेता येतात. घरच्या मैदानावर मात्र पाच-पाच गोळ्यांचे गट मारून सर्वांत लहान गटाचा लॉट निवडण्याची प्रथा आहे. ती फसवी आहे. विखुरण्याचे प्रमाण विचलन प्रत्येक दिशेस ३ मिलिमीटर धरू. पाच गोळ्यांच्या गटातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर सरासरीने सुमारे ९ मिलिमीटर येईल, पण त्याचे स्वतःचे विचलन सरासरीच्या एक चतुर्थांशाहून अधिक असते. एकाच लॉटचे दहा गट मारले तर लहानात लहान सुमारे ५ आणि मोठ्यात मोठा सुमारे १३ मिलिमीटरचा निघणे स्वाभाविक होय. त्याच काडतुसांवर दहा निरनिराळी नावे चिकटविली असती, तर नेमबाजाने त्यांतील एकाची स्तुती व दुसऱ्याची निंदा प्रामाणिकपणे केली असती. वर्षभराचा महागडा साठा अशा निवाड्यावर विकत घेतला जातो.

याऐवजी सर्व छिद्रांचा उपयोग करणारे माप, म्हणजे मध्यापासूनची सरासरी त्रिज्या, घ्यावी. तरीही दोन लॉटमधील दहा टक्क्यांचा फरक दोन प्रमाण त्रुटींच्या भरवशाने ओळखावयाचा, तर प्रत्येकी सुमारे दोनशे गोळ्या लागतात. आठ लॉट असले तर हे परवडणारे नाही. म्हणून वीस-वीस गोळ्यांनी उघड वाईट लॉट गाळावेत व उरलेल्या दोहोंवरच दारू खर्च करावी. लॉट आळीपाळीने मारले म्हणजे वारा व थकवा दोघांस सारखा वाटला जातो. येथे एक अडचण येते : प्रत्येक लॉटच्या मेणाचा थर नळीत राहतो, व लॉट बदलताच पहिल्या काही गोळ्या भरकटतात. यास्तव आळीपाळी एकेका गोळीची न करता दहा-दहांच्या तुकड्यांची करावी, आणि बदलानंतरच्या दहाएक गोळ्या हिशेबात धरू नयेत.

इतका खटाटोप कोणी करावा, हाही प्रश्न आहे. नेमबाजाच्या हाताचे विचलन ५ मिलिमीटर व रायफलीचे ३ असेल, तर एकत्रित विचलन वर्गांच्या बेरजेने ५.८ येते. रायफल दहा टक्के सुधारली तरी ते सुमारे ५.७ वर उतरते. लाभ फार तर अडीच टक्के. अशा नेमबाजाने ती दोनशे काडतुसे सरावात खर्च केलेली बरी. हाताचे विचलन रायफलीच्या जवळपास आले, म्हणजे मग लॉट पारखावा. तोही टोकाचे वजन आधी पक्के करूनच, कारण वजन हलविताच कोणत्या वेगाच्या गोळीस भरपाई मिळते ते बदलते आणि लॉटची क्रमवारी पुन्हा लावावी लागते.