सौंदर्यासाठीं सीमोल्लंघन



रूप सुधारून घेण्यासाठीं परदेशची वाट धरणें ही गोष्ट आतां केवळ धनिकांची राहिलेली नाहीं. न्यूयॉर्ककडील मध्यम मिळकतीच्या स्त्रिया पोटावरील चरबी काढून घेण्यासाठीं चार तास विमानांत बसून डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशांत जातात. इंग्लंडांतील लोक इस्तंबूल गांठतात. तेथें खर्च पुष्कळच कमी येतो हें त्याचें उघड कारण.

यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. टिपूच्या कैदेंत नाक गमावलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका कारागिरानें कपाळाची त्वचा खालीं वळवून नवें नाक घडवून दिलें, आणि १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें त्याचें वर्णन वाचून इंग्लंडचे शस्त्रवैद्य ही कृति शिकले. विद्या आपल्याच घरची आहे. मात्र कावसजीला आठवड्याच्या आंत विमान गांठावयाचें नव्हतें!

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, २००९ ते २०२२ या काळांत डॉमिनिकन रिपब्लिकमध्यें अशा शस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकन नागरिक मरण पावले. पहिल्या दहा वर्षांत वर्षास सरासरी चार. २०१९ पासून तेरा. त्यांतील २०१९ व २०२० सालच्या मृत्यूंचा बारकाईनें तपास झाला, तेव्हां बहुतेकांच्या मुळाशीं रक्तवाहिनींत अडकलेली चरबी किंवा रक्ताची गुठळी आढळली.

हें कसें घडतें? पोटाची चरबी नळीनें ओढून ती नितंबांत भरण्याची एक रीत आहे. नितंबाच्या स्नायूंत खोलवर मोठ्या शिरा असतात. सुई तेथें पोंचून शीर फाटली कीं चरबी तींत शिरते, हृदयाच्या उजव्या बाजूंतून फुप्फुसांत जाते आणि तेथील वाट बंद करते. मग उपायाला वेळच उरत नाहीं. गुठळीची गोष्ट निराळी. शस्त्र लागलें कीं रक्त लवकर गोठूं लागतें. हा शरीराचा स्वसंरक्षणाचा धर्मच आहे. त्यांत एकाच बैठकींत तीनचार शस्त्रक्रिया, दुखण्यामुळें अंथरुणास खिळणें, आणि लगेच अरुंद खुर्चींत पाय मुडपून प्रवास! पायांत रक्त सांकळतें व गुठळी फुप्फुसाकडे निघते. म्हणूनच छाती वा पोटावरील शस्त्रक्रियेनंतर निदान दहा दिवस विमानांत बसूं नये, असें तज्ज्ञ सांगतात. स्वस्त सहलींत हे दहा दिवस बहुधा धरलेलेच नसतात.

जंतूंचा धोका अधिक कपटी आहे. २०१३-१४ सालीं त्याच देशांतून परतलेल्या कित्येक स्त्रियांच्या जखमा पुढें चिघळल्या. क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद पाण्यांत व मातींत राहतो. तो नेहमींच्या औषधांना दाद देत नाहीं आणि अनेक औषधें महिनोन्‌महिने घ्यावीं लागतात. २०२३ सालीं मेक्सिकोंतील मातामोरोस शहरीं तर भूल देण्यासाठीं पाठीच्या कण्याशीं टोंचलेल्या सुईबरोबर बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत गेली व माणसें दगावलीं.

ज्यास जावयाचेंच आहे त्यानें भूल कोण देणार, एका वेळीं किती शस्त्रक्रिया होणार आणि रात्रीं प्रकृति बिघडल्यास कोठें नेणार, हें लेखी विचारून घ्यावें. परततांना शस्त्रक्रियेचा व दिलेल्या औषधांचा तपशील कागदावर आणावा. दोन महिन्यांनीं जखम लाल झाली तर घरच्या डॉक्टरांस प्रथम तोच कागद लागेल.