कागदावरचे वॅट, ओसरीतला आवाज

भंडारा जिल्ह्यात भाऊबीज आटोपली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि पाहुणेरावळे, रात्री दंडार नाहीतर नाटक. पाहुणे येणार म्हणून घर सारवलं जातं, लेकीबाळी माहेरी येतात आणि ओसरीतला गाण्यांचा संच फडक्याने पुसून सज्ज होतो. संच नवा असेल तर त्या दिवशी आवाज जरा मोठाच ठेवायचा, हा सगळीकडचा अलिखित नियम.

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव हे हातमागाचं, कोशाच्या कापडाचं गाव. मागावर बसलेल्या विणकराचे हात धोट्यात आणि पाय पावडीवर गुंतलेले असतात. मोकळे राहतात ते कान. अशा घरातल्या रेडिओची, टेपची परीक्षा शोरूममधल्या शांततेत होत नाही. फणीची खटखट चालू असताना गाण्याचे बोल कळले पाहिजेत, आणि चार पावसाळे गेल्यावरही कळले पाहिजेत. कमी किमतीच्या संचाकडून मालकाच्या मागण्या एवढ्या दोनच असतात. खोक्यावर मात्र या दोन्हींबद्दल कधी काही छापलेलं नसतं. तिथे छापलेले असतात वॅट.

बोल कळण्याची सवय रेडिओने लावली. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं आणि पूर्व विदर्भातल्या ओसऱ्यांना बातम्या, शेतीच्या गप्पा, भजनं यांचा आवाज मिळाला. लाकडी पेटीतला तो एकच स्पीकर कागदी पडद्याचा असे. त्यातून खर्जही फार निघत नसे आणि अगदी बारीक किणकिणही. पण माणसाच्या आवाजाचा मधला पट्टा मात्र तो स्वच्छ देई. शब्द ओळखू येण्यासाठी लागतो तो हाच पट्टा. साध्या टेलिफोनचं काम सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये भागतं, ते याच कारणाने.

मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. आपल्याकडे ती घराघरांत पोचली ऐंशीच्या दशकात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या सुपर कॅसेट्स म्हणजेच टी-सिरीजने किंमत खाली ओढली आणि गाणं ही विकत आणायची, उसनी द्यायची वस्तू झाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं, प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीतं आणि भीमगीतं टेपवर वाजू लागली. १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक बाबासाहेबांनी ज्या भंडाऱ्यातून लढवली, त्या जिल्ह्यात १४ एप्रिलला घरोघरचे संच किती तास चालत असतील, हे वेगळं सांगायला नको.

तुकडोजींच्या भजनांतली खंजिरी हे स्वस्त संचाचं खरं अवघड गणित. थापेचा ठोका साधा स्पीकरही देतो, पण तिच्या चकत्यांची झणझण बारीक आवाजाच्या वेगळ्या स्पीकरशिवाय, म्हणजे ट्वीटरशिवाय, खुलत नाही. कमी किमतीच्या कित्येक डब्यांत ट्वीटरच्या जागी नुसती चंदेरी जाळी बसवलेली असे. मालकाला ते कळायचं डबा उघडल्यावर.

आणि डबा उघडला जायचाच. कॅसेटची फीत हेडसमोरून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकायला हवी. मोटर आणि जड चक्र यांच्यामधला रबरी पट्टा सैल पडला की वेग घसरतो. सहा टक्क्यांनी घसरला तर सूर अर्ध्या स्वराने उतरतो. काळी एकचा गायक पांढरी एकमध्ये गाऊ लागतो. पेटी वाजवणाऱ्या भजनी माणसाच्या हे लगेच लक्षात येतं, बाकीचे नुसतं म्हणतात, ‘टेप आळसावला.’

मेकॅनिकच्या टेबलावर अशा टेपची शस्त्रक्रिया पाहण्यासारखी असते. मागचे स्क्रू काढले की आधी धूळ निघते आणि विणकराचं घर असेल तर धाग्यांचा तूसही. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं की कापूस तपकिरी होतो. फितीवरचा लेप झिजून तिथे साचलेला असतो. मग रबरी रोलर. तो गुळगुळीत झाला की फीत घसरते, गुंतते आणि संच ‘कॅसेट खातो’. शेवटी हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवायचा. हेड तिरकं बसलं असेल तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो; स्क्रू जागेवर आला की टाळांचा नाद एकदम उघडतो. सारा खर्च एक पट्टा, थोडं स्पिरिट आणि मजुरी.

नव्वदच्या दशकात खोक्यांवर ‘पीएमपीओ’ ही अक्षरं झळकू लागली. ‘५०० वॅट पीएमपीओ’, ‘१००० वॅट पीएमपीओ’. हा आकडा मोजायची सर्वमान्य पद्धत नव्हतीच. क्षणभराचा उसळता जोर धरायचा, आवाज फाटतो का ते बघायचं नाही आणि सगळ्या स्पीकरांची बेरीज छापायची. खरा आकडा म्हणजे सलग पेलता येणारे आरएमएस वॅट. ते कित्येकदा एकेरी संख्येत भरत. शिवाय कान वॅटच्या हिशेबाने ऐकत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे शेजाऱ्याचा ५०० आणि आपला १००० यांत फरक का जाणवत नाही, या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे नसायचं.

या आकड्यांच्या बाजारात टिकला तो गावातला असेंबल संच. त्याचा जीव म्हणजे सान्योची ४४४० ही आयसी. मुळात गाडीतल्या टेपसाठी बनवलेली, साधारण १३ व्होल्टवर दोन्ही बाजूंना सहा-सहा वॅट देणारी. सोबत १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, दोन-चार मोठे कपॅसिटर आणि सुताराकडून करून घेतलेले लाकडी डबे. बाहेरून ओबडधोबड, पण आयसी जळली तर नागपूरच्या बर्डीवरून नवी आणून त्याच जागी डाग देता येई. घरघर वाढली तर मेकॅनिक मोठा कपॅसिटर बदलून बघे आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच निघे.

संच बिघडण्याची अर्धी कारणं संचाबाहेर होती. घरगुती दाब २३० व्होल्ट असावा आणि चढउतार सहा टक्क्यांच्या आत, असं नियम सांगतो. धान्याच्या हंगामात पंप सुरू झाले की खेड्यातला बल्ब काय सांगतो, ते ज्याचं त्याला ठाऊक. दाब १७० वर आला तर १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून जेमतेम नऊ मिळतात आणि संचाची ताकद निम्म्यावर येते. बटण तेवढंच फिरवलं तर आवाज फाटतो. याउलट भारनियमनानंतर लाइन परत येताना बसणारा झटका फ्यूज किंवा आयसी घेऊन जातो. म्हणून शहाणी घरं लाइन आल्यावर पाच मिनिटं थांबून मगच टेप लावत. बाकीचं काम पावसाळा, उंदीर आणि पाली करत. ओलीने फितीवर पांढरी बुरशी चढे, स्पीकरचा कागद नरम पडे.

आजचे ब्लूटूथ टॉवर या सगळ्याला थोडं पुरून उरतात. त्यांच्यातला नवा वीजपुरवठा बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो. पट्टा नाही, हेड नाही, कॅसेट गुंतायची भीती नाही. त्याच पैशात धडधडही दणदणीत मिळते. पण बोलांचं काय? वूफर मोठा आणि बाजूचे स्पीकर तीन इंची असले की मधला पट्टा दुबळा राहतो. ढोलकी छातीवर बसते आणि शाहिराचे शब्द मागे पडतात. बेस उतरवून ऐकलं की यातले बरेच संच सुसह्य होतात, हा फुकटचा उपाय आहे.

खरी अडचण बिघडल्यावर कळते. सगळं एकाच पाटीवर, आयसीवरचा क्रमांक कधी घासून टाकलेला, सुटा भाग कुणाकडे नाही. हमीचं वर्ष संपलं की संच अडगळीत जातो. म्हणून काही जण उलटी वाट धरतात. जुन्या डेकच्या कॅसेटच्या खणात यूएसबी-ब्लूटूथची पाटी बसवून घेतात. डबा, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर जुनेच, गाणी मोबाइलवरची. हा जोडकाम केलेला संच अनेकदा नव्या टॉवरपेक्षा बोल जास्त स्वच्छ ऐकवतो, कारण त्याचा लाकडी डबा आणि मोठा कागदी स्पीकर त्याच कामासाठी केलेले होते.

दुरुस्तीचा हक्क आता सरकारदरबारीही पोचला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि घरगुती टिकाऊ वस्तूही तिच्या कक्षेत घेतल्या. पण त्याची वाट बघत ग्राहकाने हात बांधून बसायचं कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. आंधळगावच्या माणसाने कंपनीच्या शहरात खेटे घालायची गरज नाही, भंडाऱ्याचा जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

तेव्हा या मंडईला नवा संच घेणार असाल तर दुकानात धडधडीचं गाणं लावू देऊ नका. आपल्या मोबाइलवरचं एखादं भजन किंवा बातम्या लावा, बेस मध्यावर ठेवा आणि दहा पावलं लांब जाऊन शब्द कळतात का ते बघा. खोक्यावरचे आरएमएस वॅट वाचा, पीएमपीओ सोडून द्या. जवळच्या मेकॅनिकला त्या संचाचे भाग मिळतात का, हे आधीच विचारा. आणि पक्कं बिल मागून घ्या. त्याशिवाय आयोगापुढे तुमची बाजू लंगडी पडते.