वनस्पतिजन्य कार्बन-बिंदू व पाण्यातील धातूंची पारख

इ. स. २००४ मध्ये एकभित्तिक कार्बन-नलिकांचे शुद्धीकरण चालू असता विद्युत्-संचारणाच्या क्रियेत काही प्रकाशमान सूक्ष्मकण अनपेक्षितपणे वेगळे झाले. पुढे त्यांस कार्बन-बिंदू हे नाव मिळाले. सामान्यतः १० नॅनोमीटरहून लहान असे हे कण जंबुपार किरण शोषून बहुधा निळा वा हिरवा प्रकाश देतात. या गुणधर्मास प्रतिदीप्ती म्हणतात.

हे कण वनस्पतींपासूनही करता येतात. इ. स. २०१२ मध्ये संत्र्याच्या रसापासून व पपनसाच्या सालीपासून ते तयार केल्याचे प्रसिद्ध झाले. बंद दाबपात्रात तापविले असता वनस्पतीतील शर्करा व सेंद्रिय अम्ले यांतील पाणी निघून जाते, रेणू परस्परांस जोडले जातात व अखेर त्यांचे कार्बनीभवन होते. पृष्ठभागावर उरलेल्या हायड्रॉक्सिल व कार्बॉक्सिल गटांमुळे कण पाण्यात सहज मिसळतात आणि धातूंच्या आयनांस धरून ठेवतात. असा आयन उत्तेजित इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो व प्रकाश मंदावतो. यालाच शमन म्हणावयाचे. पपनसाच्या सालीपासून केलेल्या कणांनी पाऱ्याचे ०.२३ नॅनोमोलर इतके अल्प प्रमाण ओळखले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील पाऱ्याची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ५ नॅनोमोलर आहे.

तथापि प्रकाश मंदावला म्हणजे शमन झालेच, असे मानणे धोक्याचे आहे. फेरिक आयन स्वतःच जंबुपार किरण शोषतात. त्यामुळे कणांपर्यंत प्रकाशच कमी पोहोचतो आणि शमनाचा केवळ भास होतो. स्टर्न-फोल्मर आलेखाची सरळ रेषाही येथे निर्णायक नाही, कारण टकरींमुळे होणारे गतिक शमन आणि अदीप्त संयुग बनून होणारे स्थितिक शमन या दोहोंतही ती मिळते. उत्तेजित अवस्थेचा आयुष्यकाल गतिक शमनात घटतो, स्थितिक शमनात बदलत नाही. परंतु वरील आभासातही तो बदलत नसल्याने विद्रावाच्या शोषणाचे मापन करून दुरुस्ती करणे अपरिहार्य ठरते.

शिवाय वनस्पतीची जात, ऋतू व जमीन यांनुसार कच्च्या मालाचे घटक बदलतात, आणि अपोहन अपुरे राहिल्यास कणांऐवजी लहान प्रतिदीप्त रेणूच प्रकाश देत राहतात. म्हणून प्रत्येक नव्या घाण्याचे स्वतंत्र अंशशोधन करावे आणि इतर आयनांनी युक्त अशा नदी-विहिरींच्या पाण्यातही पद्धतीची परीक्षा घ्यावी. त्यावाचून शुद्ध पाण्यातील यश लोकांच्या पिण्याच्या पाण्याबद्दल ग्वाही देऊ शकत नाही.