गाण्याची डावी बाजू

एखादे गाणे आवडले की आपण काय लक्षात ठेवतो? शब्द आणि चाल. गाण्याच्या तळाशी चाललेला जाड, घुमणारा आवाज कुणी गुणगुणत नाही. पण तेच गाणे दुसऱ्या कुणी गायले आणि ते आपल्याला पोकळ वाटले, तर पुष्कळदा फरक शब्दांत नसतो, चालीतही नसतो. तळाशी काहीतरी हललेले असते. बँकेत काउंटरवर कितीही गर्दी असो, दिवसाचा हिशेब जुळला की नाही हे मागच्या टेबलावरच कळते, तसेच हे.

हा विचार माझ्या डोक्यात घातला तो एका पुतण्याने. तो पुण्यात शिकतो आणि कॉलेजच्या बँडमध्ये बास गिटार वाजवतो. संगीत कुठले, तर आमच्या पिढीला गोंगाट वाटणारे 'हेवी मेटल'. बास गिटारला बहुधा चारच तारा. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने घेते, म्हणजे साध्या गिटारच्या जाड तारेच्या निम्मी. "काका, बास वाजतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही, थांबला की सगळ्यांच्या येतं," असे तो म्हणाला आणि मूळ गाणी व त्यांची 'कव्हर', म्हणजे इतरांनी पुन्हा वाजवलेली रूपे, एकापाठोपाठ ऐकवू लागला.

हे संगीत जन्मले इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात. 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम १९७० सालचा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. तारा दाबायला सोप्या जाव्यात म्हणून पुढे त्याने त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. बासवादक गीझर बटलर त्याच्या मागोमाग चाले, मध्येच स्वतःची पाऊलवाट धरी आणि पुन्हा परत येई. नक्कल करणारे सूर हुबेहूब उचलतात; हे मधले जाणे-येणे मात्र अनेकदा राहून जाते.

उलटही घडते. 'मेटालिका'च्या १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या गाजलेल्या अल्बममध्ये बास जवळजवळ ऐकूच येत नाही. पुढे काही चाहत्यांनी स्वतःच तो वाढवून नव्या आवृत्त्या तयार केल्या! १९९६ साली फिनलंडच्या 'अपोकॅलिप्टिका'ने मेटालिकाची गाणी फक्त चार चेलोंवर वाजवली. बास गिटार नाही, ड्रम नाहीत, तरी तळ भरलेला. तेव्हा मूळ ते थोर आणि नक्कल ती खोटी, हा न्याय इथे चालत नाही. तळ कुणी सांभाळला, एवढेच पाहायचे.

वाचक म्हणतील, कुठे बर्मिंगहॅम आणि कुठे आपली हिंगोली! पण कव्हर म्हणजे दुसऱ्याचे गाणे आपल्या गळ्यातून गाणे असेल, तर मराठीत ते सर्वांत जास्त अभंगांच्या वाट्याला आले आहे. हिंगोलीजवळ कयाधूकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. त्यांच्या रचना सातशे वर्षे गायल्या जात आहेत. त्यांची ६१ पदे 'गुरू ग्रंथ साहिब'मध्ये आहेत, ती पंजाबात कीर्तनात गातात. 'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल' हा नामदेवांचाच अभंग. राम फाटकांनी त्याला चाल दिली आणि भीमसेन जोशींनी तो घरोघरी पोचवला. आज मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'सारखे बँड गिटार आणि ड्रमच्या साथीने अभंग गातात.

आता या सगळ्यांचा तळ ऐका. भजनात तो पखवाजाचा. वारकरी त्याला मृदंग म्हणतात. उजव्या पुडीवर शाई कायमची असते. डाव्या पुडीवर मात्र दर वेळी ओली कणीक थापायची. कणकेच्या वजनाने कातडे सावकाश कंप पावते आणि आवाज खाली उतरतो. कणीक वाळली की आवाज चढू लागतो. मग पाण्याचा हात लावायचा. वाजवून झाले की ती खरवडून काढायची. मौज अशी, की पंजाबातल्या जुन्या कीर्तनपरंपरेतल्या 'जोडी' या वाद्याच्या डाव्या अंगालाही कणीकच लागते. नामदेवांचे शब्द जिथे गेले, तिथे गाण्याखालचा आवाज पोळीच्याच पिठातून निघाला!

बास गिटार हे काम वेगळ्या रीतीने करते. भजनात वीणेचा षड्ज जागचा हलत नाही आणि मृदंगाची थाप घुमून विरते. बास गिटारचा सूर टिकतो, चालतो, दर दोन-चार मात्रांनी पायाखालची जमीनच बदलतो. त्यामुळे ओळखीच्या अभंगाला कधी अनपेक्षित उदासी येते, कधी उत्साह. त्यात वाईट काही नाही, फक्त समेवर तो घरी परतला पाहिजे. दुसरा फरक लयीचा. भजनात मृदंगवाला टाळकऱ्यांच्या तोंडाकडे पाहून लय चढवतो; स्टुडिओत ती बहुधा यंत्राच्या ठोक्यावर आधीच ठरलेली असते.

मला काळजी वाटते ती बँडची नव्हे. ही मुले निदान तळाचा विचार करतात. काळजी आहे ती गावच्या सप्ताहाची. मृदंग वाजवणारा पोरगा कामधंद्यासाठी पुण्या-संभाजीनगरला गेला की त्याच्या जागी ऑक्टोपॅड येतो. कणीक नको, पाणी नको, रियाज नको. ठोका अचूक पडतो, पण म्हातारा टाळकरी दमला हे त्या यंत्राला दिसत नाही. दुसरीकडे मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून खालचा सूर नीट बाहेरच पडत नाही आणि वरातीच्या डीजेत तो इतका अंगावर येतो, की छातीत धडधड होऊन माणूस कानांवर हात ठेवतो. मोबाइलमध्ये तळ नाही, डीजेत तळाशिवाय काही नाही. या दोहोंमध्ये वाढणाऱ्या मुलांना खालचा सूर ऐकायचा असतो हे शिकवणार कोण?

वर्ग काढायला नको. येत्या एकादशीला मुलांना देवळात न्या आणि गायकासमोर न बसवता मृदंगवाल्याच्या डाव्या हाताशी बसवा. घरी गिटारवाला मुलगा असेल तर त्यालाही न्या. त्याला नवे काही सापडेल. आणि भजन संपल्यावर त्या वाजवणाऱ्याला सांगा, की तुमचा डावा हात ऐकला. गाणाऱ्याला दाद पुष्कळ मिळते, त्याला ती क्वचितच मिळते. एवढ्याने तो पुढच्या सप्ताहाला गावी येईल, असे मला वाटते.