निर्वात-नियंत्रण, डीझेल ट्रकमधील वायुवीजनाचे
वाहनाच्या चालककक्षात येणारी थंड वा गरम हवा समोरच्या काचेकडे, चेहऱ्याकडे किंवा पायांकडे वळविणारी लहान दारे वातावरणापेक्षा कमी दाबाच्या साहाय्याने हलविण्याची पद्धती. या कमी दाबास निर्वात (व्यवहारात 'व्हॅक्यूम') म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तयार झालेल्या अनेक मोटारगाड्यांत व हलक्या ट्रकांत ही पद्धती वापरली गेली. पुढे बहुतेक नव्या वाहनांत तिची जागा लहान विद्युत् चलित्रांनी घेतली. तथापि निर्वातावर चालणारे जुने डीझेल ट्रक अद्याप वापरात असल्याने या पद्धतीतील दोषांच्या निदानाचे महत्त्व टिकून आहे.

निर्वाताची निर्मिती : पेट्रोल एंजिनात आत येणाऱ्या हवेच्या मार्गावर नियंत्रक झडप असते. ती अंशतः बंद असताना तिच्यापलीकडे आपोआप निर्वात निर्माण होतो. डीझेल एंजिनाची शक्ती हवा अडवून नव्हे, तर इंधनाचे प्रमाण बदलून नियंत्रित केली जाते. त्यामुळे अशा एंजिनात उपयोगी पडेल इतका निर्वात सामान्यतः मिळत नाही व त्यासाठी स्वतंत्र पंप बसवावा लागतो. हा पंप पट्ट्याने, दंतचक्राने किंवा विद्युत् चलित्राने फिरविला जातो. 1994 नंतरच्या काही डॉज रॅम ट्रकांतील कमिन्स एंजिनावर तो दंतचक्राने चालत असे, तर 1999–2003 या काळातील फोर्ड सुपर ड्यूटी मालिकेतील 7.3 लिटर डीझेल एंजिनाच्या ट्रकांत विद्युत् पंप होता.

रचना व कार्य : पंपापासून निघालेली नळी एकमार्गी झडपेतून निर्वात टाकीकडे व तेथून चालकासमोरील निवड बटणाकडे जाते. एकमार्गी झडपेमुळे पंप थांबला, तरी साठलेला निर्वात काही काळ टिकतो. निवड बटणापासून निरनिराळ्या रंगांच्या बारीक नळ्या पटलपेट्यांना जोडलेल्या असतात. पटलपेटी म्हणजे आत रबरी पटल व स्प्रिंग असलेली चपटी डबी. निर्वात लागू होताच बाहेरील हवेचा दाब पटलास आत ढकलतो व पटलाला जोडलेली दांडी दार फिरविते. पाऱ्याच्या 500 मिमी. इतक्या निर्वातात 4 सेंमी. व्यासाच्या पटलावर सु. 8.5 किग्रॅ. भाराइतका जोर येतो. निर्वात 200 मिमी. पर्यंत घटल्यास तो सु. 3.4 किग्रॅ. एवढाच उरतो. त्यामुळे स्प्रिंग व दाराचे घर्षण यांवर मात करणे पटलास कठीण होते.

निर्वात नाहीसा झाल्यास स्प्रिंगमुळे दारे अशा स्थितीत परततात, की हवेचा झोत समोरच्या काचेकडे जातो. ही योजना हेतुपुरस्सर असते. कडक थंडीत काचेवर हिम किंवा बाष्प साचल्यास चालकास रस्ता दिसत नाही. म्हणून बिघाड झाला, तरी काच स्वच्छ राहावी असा त्यामागील उद्देश आहे. पंखा व्यवस्थित चालत असून कोणतेही बटण दाबले तरी हवा काचेकडेच जाणे, हे निर्वात-दोषाचे प्रमुख लक्षण होय.

लक्षणांचा अर्थ : पेट्रोल गाडीत चढावर एंजिनावरील भार वाढला, की निर्वात घटतो व झोत काचेकडे वळतो. एंजिनावर चालणारा पंप असलेल्या डीझेल ट्रकात चित्र वेगळे असते. तेथे एंजिन मंद फिरत असताना झोत काचेकडे जातो व एंजिनाचा वेग वाढताच तो पूर्ववत होतो. असे आढळल्यास पंप झिजला आहे किंवा कोठेतरी लहान गळती आहे, असे समजावे. विद्युत् पंप ठराविक निर्वात साधल्यावर थांबतो. तो सतत किंवा वारंवार चालत असल्यास गळतीचा, आणि मुळीच चालत नसल्यास वितळतार, स्विच किंवा चलित्र यांतील दोषाचा संशय घ्यावा.

दोषनिदान : तपासणी पंपापासून सुरू करून क्रमाने एकेक शाखा वेगळी करीत जाणे हा निदानाचा मुख्य नियम होय. प्रथम पंपाच्या मुखाशी निर्वातमापक थेट जोडतात. सुस्थितीतील पंप समुद्रसपाटीवर सामान्यतः 500 ते 635 मिमी. निर्वात दाखवितो. उंचीबरोबर वातावरणाचा दाब घटत असल्याने दर 300 मी. मागे हा अंक सु. 25 मिमी.ने कमी होतो. कोलोरॅडो राज्यातील आयझेनहौअर बोगद्यापाशी (उंची सु. 3,400 मी.) वातावरणाचा एकूण दाबच सु. 500 मिमी. असतो, तेथील कमी अंकावरून पंप सदोष ठरविणे चुकीचे होय.

पंप चांगला आढळल्यास त्रिमुखी जोडाने मापक मुख्य नळीत बसवून शाखा एकेक करून बंद करतात. ज्या शाखेचे तोंड बंद करताच अंक वर चढतो, त्या शाखेत गळती असते. ती चालककक्षातच असेल असे नाही. 1994–2001 मधील चार चाकी चालनाच्या डॉज रॅम ट्रकांत पुढच्या आसाची जोडणी आणि वर उल्लेखिलेल्या फोर्ड ट्रकांपैकी काहींत पुढच्या चाकांचे हब निर्वातावर चालत. चिखल, मीठ व खडी यांचा मारा सोसणाऱ्या या नळ्या किंवा त्यांची गळतीरोधक कडी फाटल्यास झोताची दिशा बदलते आणि दोष मात्र चाकापाशी असतो.

गळती चालककक्षाकडील शाखेत असल्यास हातपंपाने प्रत्येक पटलपेटीस स्वतंत्रपणे निर्वात देतात. एक मिनिटात अंक लक्षणीय उतरल्यास पटल फाटलेले असते. अंक स्थिर राहूनही दार हलत नसल्यास ते अडकलेले असते किंवा दांडी निसटलेली असते. सर्व पेट्या निर्दोष ठरल्यास निवड बटण व त्यामागील जोड तपासतात. पंप बंद करताच निर्वात लगेच नाहीसा होत असून शाखांत गळती नसेल, तर दोष एकमार्गी झडपेचा असतो. झोत वळतो पण फार सावकाश वळतो, असे असल्यास नळी दबलेली किंवा तुंबलेली असण्याचा संभव अधिक असतो. अशा वेळी मापक पुरेसा निर्वात दाखवीत असल्याने केवळ अंकावर विसंबून चालत नाही.

दुरुस्ती व दक्षता : तडकलेली नळी बदलताना निर्वातासाठीचीच जाड भिंतीची नळी वापरावी लागते, पातळ नळी आत ओढली जाऊन चपटी होते. नळीत तेल आढळल्यास एंजिनाच्या तेलावर वंगण होणारा पंप व एकमार्गी झडप तपासणे आवश्यक असते. चालू एंजिनाजवळ मापक जोडताना नळी व कपडे पट्टा आणि पंखा यांपासून दूर ठेवावेत.

काही डीझेल वाहनांत ब्रेकना साहाय्य करणारे साधनही याच पंपावर अवलंबून असते. अशा वाहनात पंपाचा दोष वाढल्यास ब्रेकचा पायटा कठीण होतो व वाहन थांबविण्यास पायाने कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो. म्हणून झोताची दिशा आपोआप बदलणे ही केवळ गैरसोय न मानता निर्वात घटत असल्याची आगाऊ सूचना समजून संपूर्ण जाळे तपासणे इष्ट ठरते.