सिंहासन सोडण्याची रीत : सम्राट अकिहितो

जपानचे सम्राट अकिहितो 30 एप्रिल 2019 रोजी गादीवरून पायउतार झाले. त्याआधी हयातीत गादी सोडली होती ती सम्राट कोकाकु यांनी, 1817 साली. मधल्या 202 वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं, आणि 1947 च्या राजघराण्याच्या कायद्यात तर तशी वाटच ठेवलेली नव्हती. मग अकिहितो बाहेर पडले कसे? हे कळायला नुसती समारंभाची माहिती पुरत नाही. जपानच्या सम्राटाचं काम नेमकं काय असतं आणि अकिहितोंनी ते काय मानलं, इथून सुरुवात करावी लागते. आपल्याला जपानच्या इतिहासाची ओळख नसली तरी अडणार नाही. एकेक टप्पा घेत जाऊ.

आधी नावांचा घोळ सोडवू. जपानमध्ये गादीवरच्या सम्राटाचा नावाने उल्लेख करत नाहीत. 'तेन्नो हेइका' म्हणतात, म्हणजे सम्राट महाराज. त्यांच्या कारकिर्दीला मात्र वेगळं नाव असतं. हिरोहितोंची कारकीर्द 'शोवा', त्यांचे पुत्र अकिहितो यांची 'हेइसेई' आणि नातू नारुहितो यांची 'रेइवा'. हे नाव सम्राटाला मिळतं ते निधनानंतर. म्हणून 'शोवा सम्राट' म्हणणं बरोबर, पण हयात असलेल्या अकिहितोंना 'हेइसेई सम्राट' म्हणू नये. बाहेरच्यांच्या लिखाणात ही चूक सर्रास दिसते आणि जपानी वाचकाला ती फार खटकते.

दुसरा घोळ वर्षांचा. शिवाजी महाराजांच्या 1674 मधल्या राज्याभिषेकापासून मोजला जाणारा राज्याभिषेक शक आपल्याला ठाऊक आहे. जपानमध्ये अशी कालगणना आजही रोजच्या वापरात आहे. सरकारी अर्जांवर, नाण्यांवर कारकिर्दीचं वर्ष असतं. त्यावरून इसवी सन काढायचा तर शोवा वर्षात 1925 मिळवावेत, हेइसेईमध्ये 1988 आणि रेइवामध्ये 2018. हेइसेई 7 म्हणजे 1995, कोबेच्या भूकंपाचं वर्ष.

हिशेब चुकतो तो बदलाच्या वर्षी. हिरोहितो 7 जानेवारी 1989 रोजी वारले. त्यामुळे 1989 चे पहिले सात दिवस शोवा 64 मध्ये जातात आणि 8 जानेवारीपासून हेइसेईचं पहिलं वर्ष लागतं. तसंच 30 एप्रिल 2019 पर्यंत हेइसेई 31, आणि दुसऱ्या दिवशी रेइवाचं पहिलं वर्ष. एखाद्या जपानी कागदावर लिहायची जन्मतारीख या दोन वर्षांतली असेल, तर महिना आणि दिवस पाहिल्याशिवाय कारकिर्दीचं वर्ष लिहू नये.

आता खुद्द अकिहितोंकडे वळू. त्यांचा जन्म 23 डिसेंबर 1933 चा. राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्यांना आईवडिलांपासून वेगळं ठेवण्यात आलं आणि दरबारी सेवक व शिक्षकांच्या हाताखाली ते वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात तोक्योवरच्या बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने त्यांना निक्कोच्या डोंगराळ भागात हलवलं होतं. शरणागती जाहीर करणारं वडिलांचं भाषण त्यांनी तिथेच ऐकलं. वय अकरा.

परत आले ते बेचिराख झालेल्या तोक्योत. 1946 मध्ये एलिझाबेथ ग्रे व्हायनिंग नावाच्या अमेरिकी बाई त्यांना इंग्रजी शिकवायला आल्या. त्या क्वेकर, म्हणजे युद्धाला ठाम विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या. वर्गात प्रत्येक मुलाला त्यांनी इंग्रजी नाव दिलं होतं. युवराजाचं नाव होतं 'जिमी'. ज्याच्या वडिलांना काल-परवापर्यंत देव मानलं जात होतं, त्या मुलाने इतर मुलांबरोबर बाकावर बसून 'जिमी' या हाकेला ओ द्यायची. आणि 1948 मध्ये त्यांच्या पंधराव्या वाढदिवशीच युद्धकाळातले पंतप्रधान तोजो आणि आणखी सहा युद्धगुन्हेगारांना फाशी झाली. या मुलाच्या मनात युद्ध कायमचं का राहिलं, ते वेगळं सांगायला नको.

इथे राज्यघटनेकडे पाहायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. 3 मे 1947 रोजी अंमलात आलेल्या घटनेचं पहिलंच कलम सम्राटाला राष्ट्राचं आणि जनतेच्या ऐक्याचं प्रतीक म्हणतं. चौथं कलम सांगतं की राज्यकारभाराचे कोणतेही अधिकार त्याला नाहीत. संसदेने निवडलेल्या पंतप्रधानाची नेमणूक करणं, कायदे जाहीर करणं, संसद बोलावणं ही कामं तो करतो, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने आणि संमतीने. सही सम्राटाची, निर्णय दुसऱ्यांचा.

पण प्रतीक असणं म्हणजे दिवसभर करायचं काय? हे घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. हिरोहितो आधीच्या घटनेखाली सार्वभौम सम्राट होते आणि नंतर प्रतीक झाले. गादीवर आले त्या दिवसापासून केवळ प्रतीक असलेले पहिले सम्राट अकिहितो. या कामाचा नमुना त्यांच्यासमोर नव्हता. तो त्यांना स्वतःच घडवावा लागला, आणि माझ्या मते त्यांची सगळी कारकीर्द त्या घडवण्यातच गेली.

सुरुवात घरातून झाली. 1957 च्या उन्हाळ्यात कारुइझावा इथल्या टेनिस कोर्टवर त्यांची मिचिको शोदा यांच्याशी ओळख झाली. मिचिको पिठाच्या मोठ्या कंपनीच्या मालकांची मुलगी. सधन घरातली, पण राजघराण्यातली किंवा जुन्या सरदार घराण्यातली नव्हे. 10 एप्रिल 1959 रोजी लग्न झालं. मिरवणूक पाहता यावी म्हणून जपानी घराघरांत टीव्ही आले. पुढे या दांपत्याने तिन्ही मुलांना स्वतःजवळ ठेवून वाढवलं. आपल्या वाट्याला जे आलं नाही ते मुलांना द्यायचं, हे अकिहितोंनी मनाशी पक्कं केलेलं दिसतं.

लग्नानंतर लगेचच्या वर्षी, 1960 मध्ये, ही जोडी भारतात आली होती. दिल्लीतल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरची कोनशिला तेव्हा युवराज असलेल्या अकिहितोंच्या हस्ते बसवली गेली. 2013 मध्ये ते पुन्हा आले. जपानच्या सम्राटाची ती पहिलीच भारतभेट होती.

गादीवर येण्याचे दोन टप्पे असतात आणि त्यांची हमखास गल्लत होते. सम्राट वारला की त्याच क्षणी वारस सम्राट होतो. गादी क्षणभरही रिकामी राहत नाही. सिंहासनारोहणाचा मोठा समारंभ त्यानंतर, दुखवट्याचा काळ संपल्यावर होतो. अकिहितो सम्राट झाले 7 जानेवारी 1989 रोजी, समारंभ झाला 12 नोव्हेंबर 1990 रोजी. दोन्ही तारखा बरोबर आहेत. कोणती तारीख कशाची, एवढं पाहावं.

आता ज्या कामाने हे सम्राट ओळखले जातात ते पाहू. जून 1991 मध्ये क्युशु बेटावरच्या उन्झेन ज्वालामुखीच्या तप्त लोटाने 43 माणसांचा बळी घेतला. पुढच्याच महिन्यात सम्राट आणि सम्राज्ञी तिथे गेले. निर्वासित लोक एका व्यायामशाळेच्या जमिनीवर अंथरुणं टाकून राहत होते. अकिहितोंनी अंगात कोट घातला नव्हता, टाय नव्हता, शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या होत्या. ते जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलू लागले.

आपल्याला यात विशेष वाटणार नाही कदाचित. पण सम्राटाने प्रजेसमोर गुडघे टेकणं परंपरावादी मंडळींना रुचलं नाही आणि त्यावर टीकाही झाली. अकिहितोंनी रीत बदलली नाही. 1995 मध्ये कोबेच्या भूकंपानंतर मिचिकोंनी राजवाड्याच्या बागेतली नर्गिसची फुलं स्वतः नेऊन जळून गेलेल्या वस्तीत वाहिली. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर पाचव्या दिवशी सम्राट टीव्हीवरून जनतेशी बोलले. विजेच्या टंचाईत राजवाड्याने आपणहून दिवे बंद ठेवले. मग 30 मार्चपासून सलग सात आठवडे ही दोघं आपद्ग्रस्तांच्या भेटीला जात राहिली. तेव्हा अकिहितो 77 वर्षांचे होते.

दुसरं काम युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचं. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर 1945 मध्ये झालेल्या लढाईत दोन लाखांवर माणसं मेली, त्यात स्थानिक नागरिक फार मोठ्या संख्येने होते. तिथल्या लोकांचा राजघराण्यावर राग होता. 1975 मध्ये युवराज असताना अकिहितो लढाईत मेलेल्या विद्यार्थिनींच्या तिथल्या हिमेयुरी स्मारकाला फुलं वाहायला गेले, तेव्हा त्यांच्यावर पेट्रोलबॉम्ब फेकला गेला. इजा झाली नाही. त्यांनी दौरा अर्धवट सोडला नाही आणि पुढेही ओकिनावाला जाणं थांबवलं नाही. एकूण अकरा वेळा गेले. 1992 मध्ये चीन, 2005 मध्ये सायपान, 2015 मध्ये पलाऊ, 2016 मध्ये फिलिपिन्स. वडिलांच्या नावाने जे युद्ध लढलं गेलं, त्याच्या रणभूमींवर मुलगा म्हातारपणी वाकून उभा राहत होता. परराष्ट्र धोरणावर अवाक्षर काढायची त्यांना मुभा नव्हती. कुठे जायचं आणि कुणापुढे मान झुकवायची, एवढ्यावरच सगळं सांगावं लागे, आणि लोकांना ते कळत असे.

उरलेल्या वेळात ते माशांचा अभ्यास करत. गोबी या लहान माशांवरचे त्यांचे शोधनिबंध मान्यताप्राप्त आहेत.

आता मूळ प्रश्नावर येऊ. 2003 मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, 2012 मध्ये हृदयाची बायपास. शरीर थकत चाललं. प्रतीक म्हणून राजवाड्यात नुसतं असणं पुरेसं मानलं असतं, तर काहीच अडचण नव्हती. पण अकिहितोंच्या लेखी प्रतीक असणं म्हणजे लोकांपर्यंत जाणं, आणि जाणंच जमत नसेल तर गादीवर बसून राहणं त्यांना पटत नव्हतं.

इथली अडचण नीट समजून घ्यावी. राजघराण्याच्या कायद्यात निवृत्तीची तरतूद नाही. ती करायची तर कायदा हवा, आणि कायदा मागणं म्हणजे राजकारणात पडणं, जे घटनेनुसार सम्राटाला करता येत नाही. म्हणजे सम्राटाने स्वतःच्या निवृत्तीची मागणी केली की घटनेलाच धक्का लागतो.

वाट निघाली ती अशी. जुलै 2016 मध्ये एनएचके या सार्वजनिक वाहिनीने सम्राटाच्या मनातला विचार बातमीतून बाहेर आणला. 8 ऑगस्टला सम्राटाचा सुमारे दहा मिनिटांचा चित्रफितीतला संदेश प्रसारित झाला. त्यात निवृत्ती हा शब्द एकदाही आला नाही. आपलं वय, घटलेली ताकद, सम्राट आजारी पडला की सगळ्या समाजाचं अडणारं काम, त्याच्या निधनानंतर लांबत जाणारे विधी आणि घरच्यांवर पडणारा ताण, हे सगळं त्यांनी एक व्यक्ती म्हणून सांगितलं. कारभारी नेमण्याच्या पर्यायाबद्दलही बोलले: तसं केलं तरी कर्तव्य न करणारा सम्राट शेवटपर्यंत सम्राटच राहतो. अर्थ काय तो ऐकणाऱ्यांनी लावायचा होता. जपानी जनतेने तो लगेच लावला.

पुढचं काम सरकारचं. तज्ज्ञांची समिती बसली आणि 9 जून 2017 रोजी संसदेने विशेष कायदा मंजूर केला. तो फक्त अकिहितोंपुरता होता. त्यातली एक खुबी पाहण्यासारखी आहे. सम्राटाची इच्छा आहे म्हणून निवृत्ती, असं तो म्हणत नाही; जनतेला सम्राटाच्या भावना समजतात आणि पटतात, हे कारण तो देतो. 1 एप्रिल 2019 रोजी रेइवा हे नवं नाव जाहीर झालं. बदलाच्या महिनाभर आधी नाव सांगितलं, म्हणजे संगणकांत आणि छापील अर्जांत फेरफार करायला वेळ मिळाला.

शेवटी समारंभ. 30 एप्रिलला संध्याकाळी पाच वाजता राजवाड्यातल्या पाइन दालनात तो झाला आणि जेमतेम दहा मिनिटांत आटोपला. गादीची परंपरागत चिन्हं असलेली राजघराण्याची तलवार आणि रत्न पेटीबंद स्थितीत आणून मेजांवर ठेवली गेली. वडिलांनी ती मुलाच्या हाती दिली असतील असं आपल्याला वाटेल, पण तसं मुद्दाम होऊ दिलं नाही. सम्राट स्वतःच्या मर्जीने गादी देतो असं दिसलं तर ते घटनेविरुद्ध ठरलं असतं. म्हणून आधी पंतप्रधान आबे बोलले, मग अकिहितोंनी जनतेचे आभार मानले, आणि त्या वस्तू सेवकांनी परत नेल्या. बाहेर पडताना अकिहितो दाराशी थांबले, मागे वळले आणि जमलेल्यांना वाकून नमस्कार केला. त्या मध्यरात्री नारुहितो सम्राट झाले. तलवार आणि रत्न त्यांच्यापुढे आली ती 1 मेच्या सकाळी, वेगळ्या समारंभात. सिंहासनारोहणाचा मोठा सोहळा 22 ऑक्टोबरला झाला.

अकिहितोंना आता 'जोको' म्हणतात, म्हणजे निवृत्त सम्राट. गादीचा वारसा मात्र 1947 च्या त्याच कायद्याने चालतो: पुरुष वंशातला पुरुषच वारस. त्यामुळे नारुहितोंची एकुलती एक मुलगी ऐको वारसांच्या यादीत नाही. वारस तीनच: भाऊ फुमिहितो, त्यांचा 2006 मध्ये जन्मलेला मुलगा हिसाहितो, आणि अकिहितोंचे धाकटे भाऊ मासाहितो. 2017 चा विशेष कायदा मंजूर करतानाच संसदेने ठरावाद्वारे सरकारला या वारशाच्या प्रश्नाचा विचार करायला सांगितलं होतं. आणि पुढच्या एखाद्या सम्राटाला निवृत्त व्हायचं झालं, तर त्याच्यासाठी पुन्हा नवा कायदा करावा लागेल.