बाबा खरंच चिडलेत का?

मुलगी पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर कळवते, 'या शनिवारी येत नाहीये, सबमिशन आहे'. सांगलीहून बाबांचं उत्तर येतं, 'ठीक आहे.' ती लगेच आईला फोन लावते, 'बाबा चिडलेत का गं?' बाबा तर केव्हाच पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसलेले असतात.

गोम त्या शेवटच्या टिंबात आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि सहकाऱ्यांनी 126 विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर मेसेजमध्ये ते कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र टिंबाने काहीच फरक पडला नाही.

समोरासमोर बोलताना भावना पोचवण्याचं बरंचसं काम आवाज आणि चेहरा करतात. मेसेजमध्ये दोन्ही नाहीत, म्हणून तरुणांनी विरामचिन्हांनाच कामाला जुंपलं. मेसेज पाठवला की वाक्य आपोआप संपतं. तरीही कोणी टिंब दिलं, तर ते मुद्दाम, असा त्यांचा हिशेब. पूर्णविराम विसरला म्हणून शाळेत मार्क गमावलेल्या पिढीला हे कुठून कळणार!

इमोजींचीही तीच तऱ्हा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा ऑक्सफर्डने 2015 मध्ये 'वर्षाचा शब्द' ठरवला होता. आता हसू आवरेनासं झालं की बरेच तरुण चक्क कवटी पाठवतात. मावशीच्या फोटोखाली भाच्याची अशी कवटी उमटली, की फॅमिली ग्रुपवर खुलासा करायची पाळी येते ती त्याच्या आईवर.